मॅट रंगाची गाडी धुताना

मॅट रंगाच्या मोटारीला चमक नसते आणि ती नसावी यासाठीच तो रंग दिलेला असतो. गाड्या धुण्याची रूढ रीत मात्र सगळी चमक आणण्यासाठी बसलेली आहे. पॉलिश करणे, मेण असलेला शाम्पू वापरणे, फडके दाबून पुसणे, ओरखड्यावर कॉम्पाउंड मारणे ही कामे साध्या रंगाला मानवतात. मॅट रंगाला यातले एकही मानवत नाही आणि एकदा झालेले नुकसान भरून निघत नाही. ही गाडी धुणे तसे अवघड नाही. फक्त हात आवरता आला पाहिजे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हा रंग आता नवलाचा राहिलेला नाही. पुणे-नाशिक महामार्गाच्या दोन्ही टोकांना अशा गाड्या बनतात. चाकणच्या कारखान्यातून २०२३ मध्ये स्कोडाच्या कुशाक आणि स्लाव्हिया, तशीच फोक्सवॅगनची व्हर्टस मॅट करड्या रंगात बाहेर पडली. महिंद्राच्या चाकणलाच तयार होणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आल्या, त्यांनाही सॅटिन रंगाचा पर्याय होता. नाशिकला बनणाऱ्या थारची वाळवंटी रंगाची ‘अर्थ एडिशन’ त्याच वर्षीची. टाटाच्या हॅरियर आणि सफारीला २०२५ मध्ये मॅट काळा रंग मिळाला. मोटारसायकली तर या रंगात त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत आहेत. मंचर, नारायणगाव किंवा आळेफाट्याच्या चौकात थोडा वेळ थांबले तरी मॅट टाकीच्या दोन-चार दुचाकी सहज नजरेस पडतात.

मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे चार थर असतात. तळाला गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लियर कोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लियरचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा. चकचकीत आणि मॅट गाडीचा बेस कोट सारखाच असू शकतो. फरक असतो वरच्या क्लियरमध्ये. मॅट क्लियरमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. क्लियर वाळताना त्यातले द्रावक उडून जाते, थर आकसतो आणि या कणांमुळे पृष्ठभागावर बारीक उंचवटे तयार होतात. गुळगुळीत क्लियरवरून प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो. उंचवट्यांवरून तो चहूकडे विखुरतो. त्यामुळे गाडीत प्रतिबिंब दिसत नाही, पत्र्याच्या घड्या आणि वळणे मात्र ठसठशीत दिसतात. सॅटिन हा याच प्रकारातला, पण थोडी चमक राखलेला रंग.

शत्रूला उन्हात चकाकी दिसू नये म्हणून सैन्याच्या गाड्यांना असा रंग फार पूर्वीपासून देतात. हौसेच्या मोटारींत तो ठळकपणे आला २००७ मध्ये, लॅम्बोर्गिनीच्या रेव्हेन्टॉनवर. नंतर बीएमडब्ल्यूने ‘फ्रोझन’ आणि मर्सिडीजने ‘मॅग्नो’ या नावांनी तो पुढे नेला. तेव्हा ही गाडी घेणाऱ्याकडे ती धुवायला वेगळा माणूस असे. आता ती थेट शेतावरच्या घरी येते, आणि निगेचे प्रश्न तिथून सुरू होतात.

मॅट क्लियरवरचे उंचवटे म्हणजे पाट्याला लावलेली टाकी समजावी. वापरून वापरून टाकी झिजते आणि पाटा गुळगुळीत होतो. फरक इतकाच, की पाट्याला पुन्हा टाकी लावता येते, मॅट क्लियरला नाही. याचा पुरावा पाहायचा असेल तर तीन-चार वर्षे चाललेली मॅट मोटारसायकल पाहावी. पेट्रोलच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथे चालवणाऱ्याचे गुडघे रोज घासतात, तिथे हाताच्या पंजाएवढा तुकतुकीत पट्टा पडलेला असतो. कुणी तिथे पॉलिश लावलेले नसते, पँटच्या कापडानेच ते काम केलेले असते. मोटारीच्या बॉनेटवर रोज सकाळी कोरडे फडके फिरवले, तर हाच पट्टा बॉनेटभर पडतो.

साध्या गाडीवर ओरखडा पडला की पेंटर कॉम्पाउंड लावून मशिन फिरवतो. क्लियरचा दोन-चार मायक्रॉनचा थर निघतो, कडा सपाट होतात आणि ओरखडा दिसेनासा होतो. मॅट गाडीवर हेच केले, तर ओरखड्याबरोबर भोवतालचे उंचवटेही सपाट होतात आणि ओरखड्याच्या जागी चकाकणारा डाग उरतो. मेण आणि सिलिकॉनचे पॉलिश उंचवट्यांमधल्या खळग्यांत जाऊन बसते. मग काही जागा तेलकट दिसतात, काही कोरड्या. डाग दिसला की घासायचा हा उपजत विचार इथे सोडावा लागतो. घाण भिजवून, सैल करून, पाण्याने वाहून नेणे हा एकच मार्ग उरतो.

त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचा. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकलेला आणि मुबलक पावसाचा. पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेचा, बोअर आणि कालव्यांवर चालणारा. बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. घरातल्या गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर धरतो, तोच थर गाडीवर पाण्याचा थेंब वाळला की गोल ठिपक्याच्या रूपात उरतो. चकचकीत गाडीवरचा ठिपका पॉलिशने जातो. मॅटवरचा ठिपका खळग्यांत बसतो आणि गडद रंगावर तर लांबूनही दिसतो. बोअरचेच पाणी असेल, तर गाडी त्याने धुवायला हरकत नाही, पण शेवटची धार क्षार नसलेल्या पाण्याची हवी. गावोगावी आता आरओचे पाणी मिळते. त्याचा वीस लिटरचा एक जार बारीक झारीने टपापासून खाली ओतला, की एका गाडीला पुरतो. पावसाळ्यात पन्हाळीखाली साठवलेले पाणी त्याहून स्वस्त आणि तितकेच चांगले.

येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचे पाणी कालव्यांनी फिरते. क्षारांच्या हिशेबाने ते बोअरपेक्षा सहसा बरे, पण त्यात गाळ असतो. बादली भरून लगेच गाडीवर ओतली तर रेतीचा कणही सोबत येतो. पाणी रात्रभर टिपात निवळू द्यावे आणि वरचे तेवढे घ्यावे. गाडी कालव्याच्या काठाला नेऊन धुण्याची सवय मात्र सुटायला हवी. ऑइल आणि साबण ज्या पाण्यात उतरतो, तेच पाणी पुढच्या गावात जनावरे पितात.

धुण्याची वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. बॉनेट हाताला गार लागेपर्यंत पाणी घालू नये. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू क्षणात वाळतो आणि त्याचे ओघळ उमटतात. सुरुवात नुसत्या पाण्याने करावी. कशालाही हात न लावता सगळी गाडी वरून खाली भिजवून घ्यावी, चाकांच्या कमानींमधला चिखल आधी पाडावा. शेतरस्त्याचा मुरूम आणि माती या पहिल्या पाण्यातच जितकी जाईल तितकी चांगली, कारण उरलेला प्रत्येक खडा पुढे हातमोज्याखाली सापडणार असतो.

शाम्पू आम्ल किंवा अल्कधर्मी नसलेला, मेण आणि चमक आणणारे पदार्थ नसलेला हवा. बाटलीवर ‘वॉश अँड वॅक्स’ किंवा ‘ग्लॉस’ असे शब्द दिसले, तर ती मॅट गाडीसाठी नाही. खास मॅट रंगासाठीचे शाम्पू मिळतात आणि ते पाण्यात अगदी थोडे लागतात. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण या गाडीच्या जवळही आणू नये. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत नुसते. मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून टपावर फिरवावा, पुढच्या भागाकडे जाण्याआधी साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. हात गोल न फिरवता सरळ रेषेत, मोज्याचे वजन पडेल तेवढ्याच दाबाने. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग असे करत सर्वांत शेवटी खालच्या पट्ट्या आणि बंपर. चाकांसाठी मोजा वेगळा ठेवावा; ब्रेकची काळी भुकटी लोखंडी कणांची असते. शाम्पू वाळण्याआधी गाडी विसळावी आणि जाडसर मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून, थापटून पाणी टिपावे. टॉवेल ओढायचा नाही. पाने उडवायचा ब्लोअर घरात असेल, तर आरशांच्या आणि दिव्यांच्या फटींतले पाणी त्याने काढता येते.

द्राक्ष आणि टोमॅटोच्या पट्ट्यात बहुतेक घरी फवारणीचा एचटीपी पंप असतो आणि त्याच्या गनने ट्रॅक्टरबरोबर मोटारही धुतली जाते. धार म्हणून तो पंप चांगला आहे. अडचण आहे ती टिपाची आणि पाइपाची. त्यांत औषधाचा, गंधकाचा आणि पानावर औषध चिकटावे म्हणून घातलेल्या स्टिकरचा अंश राहतो. गाडीसाठी टीप आणि पाइप वेगळे ठेवता येत नसतील, तर साधी नळी बरी.

महामार्गालगतच्या वॉशिंग सेंटरवर गाडी न्यायची, तर चावी देण्याआधी बोलून घ्यावे. फोम वॉश चालतो, फोम कसला आहे ते विचारावे. प्रेशरची गन पत्र्यापासून निदान दीड फूट लांब आणि तिरपी धरायला सांगावी. वितभर अंतरावरून मारलेली धार रंगाच्या उडालेल्या टवक्याखाली शिरते आणि टवका वाढवते. काथ्या, ब्रश आणि दिवसभर दहा गाड्यांवर फिरलेले शॅमॉय नको. गाडीखाली डिझेल मारून घ्यायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याचे शिंतोडे दारांच्या खालच्या कडांवर येतात आणि तेलकट पट्टा ठेवून जातात. टायर पॉलिशचेही तसेच, स्प्रे चाकाला मारतात आणि अर्धा फेंडरवर बसतो. धुणाऱ्या मुलाचा यात दोष नसतो. गाडी चकाचक करून देणे हेच त्याला शिकवलेले असते आणि निम्मी गिऱ्हाइके त्याच्याकडे तेच मागतात. फिरत्या ब्रशच्या स्वयंचलित वॉशमध्ये मात्र ही गाडी कधीच घालू नये.

धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे मधल्या दिवसांत गाडीवर काय पडते ते. या भागात ते ऋतूप्रमाणे बदलते. गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या आसपास आणि पेटवलेल्या पाचटाच्या वाऱ्यावर काजळी उडते. जुन्नर तालुक्यात विघ्नहर, आंबेगावात पारगावचा भीमाशंकर. हंगामात या कारखान्यांच्या टापूत रात्री बाहेर लावलेल्या गाडीवर सकाळी काळे बारीक तुकडे दिसतात. ते वजनाला हलके आणि स्पर्शाला ठिसूळ असतात. फुंकरीने किंवा ब्लोअरने उडतात, पाण्याने वाहून जातात. बोट लागले की चुरडून काळी रेघ उमटते. झटकणीने झाडणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. बाजारातल्या पुष्कळ कार डस्टरना तर मेणाचा हात दिलेला असतो.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. ट्रॅक्टरच्या ब्लोअरमधून निघालेला तुषार वाऱ्याबरोबर बांधावर उभ्या गाडीपर्यंत सहज येतो. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण पानावर पावसातही टिकावे यासाठीच बनवलेले असते, त्यामुळे ते गाडीवरही टिकते. निळसर पांढरे ठिपके ओले असतानाच पाण्याने काढावेत. फवारणीच्या दिवशी गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावली, तर एवढेही करावे लागत नाही.

पक्ष्यांची विष्ठा, आंब्याचा चीक आणि जांभळांचा सडा यांना उशीर चालत नाही. विष्ठेतले यूरिक आम्ल उन्हात तापलेल्या, मऊ झालेल्या क्लियरवर बसते आणि विष्ठा वाळून आकसताना क्लियरही ओढला जातो. दुपारपर्यंत त्याचा ठसा उमटू शकतो. मायक्रोफायबरचा तुकडा पाण्यात भिजवून डागावर पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि मग घासण्याऐवजी अलगद उचलावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री महामार्गावरून आलेल्या गाडीच्या बंपरवर किड्यांचा थर असतो, त्यालाही हाच उपाय. गाडीत पाण्याची एक बाटली आणि पिशवीत बांधलेली दोन स्वच्छ फडकी असली, की अर्धे काम झाले. दाराच्या कडीजवळ आणि डिकीवर हातांचे तेलकट ठसे पडतात. ते शाम्पूने गेले नाहीत, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून फडक्याने टिपावे, पण आधी दाराच्या आतल्या कडेला लावून पाहावे. पेट्रोल किंवा डिझेल सांडले तर ते पुसत पसरवू नये, टिपून लगेच पाणी मारावे.

नवी गाडी शोरूममधून निघाली, की ओझरला विघ्नेश्वराच्या नाहीतर लेण्याद्रीच्या पायथ्याशी पूजेला उभी राहते. बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते. मॅट गाडीवर पहिला कायमचा डाग बहुधा हाच असतो. बाजारातल्या कुंकवात बऱ्याचदा रासायनिक रंग असतो आणि तेलात कालवलेले असेल, तर ते खळग्यांत मुरते. हळदीचा आणि खंडोबाच्या भंडाऱ्याचा स्वभाव वेगळा आहे. तो डाग साबणाच्या अल्कधर्मी पाण्याने लाल होतो, जसा कपड्यावर होतो, पण कडक उन्हात काही दिवसांत बराच फिका पडतो. घाईने घासण्याची गरज नसते. गुलाल कोरडा असेपर्यंत उडवून टाकावा आणि नंतर भरपूर पाणी घालावे. पूजेत काही कमी करायचे कारण नाही. स्वस्तिक पुढच्या काचेवर काढावे, हळद-कुंकू काचेलाच वाहावे. तारेने ओवलेला हार बॉनेटवर बांधून घरापर्यंत गाडी चालवू नये, कारण वाऱ्याने हलणारी तार वाटभर एकाच जागी घासत राहते. दसऱ्याच्या झेंडूलाही हेच लागू.

लेण्याद्री आणि भीमाशंकरला माकडे गाडीवर चढून बसतात. नखांच्या ओरखड्यांवर उपाय नाही, तेव्हा खाण्याची पिशवी काचेतून दिसेल अशी ठेवू नये आणि गाडी झाडापासून दूर लावावी. कव्हर घालायचे, तर फक्त धुतलेल्या, कोरड्या गाडीवर. धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने फडफडते आणि रात्रभर घासत राहते; त्यापेक्षा पत्र्याची शेड कधीही चांगली.

मॅट रंगावर सिरॅमिक कोटिंग करता येते, मात्र ते खास मॅटसाठीचे असावे. त्याने पाणी आणि घाण लवकर ओघळते, ओरखडे फारसे थांबत नाहीत. साध्या गाडीवरचे कोटिंग बिघडले तर पॉलिश करून काढता येते. मॅटवर तो मार्ग बंद असल्याने लावणाऱ्याचा हात चुकला, तर चूक गाडीवरच राहते. ओरखड्यांची खरी भीती असेल, तर मॅट पीपीएफ ही पारदर्शक फिल्म जास्त उपयोगाची. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची असते आणि चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. चकचकीत फिल्म मॅट गाडीवर लावली तर गाडी चकचकीत दिसू लागते, हे घेताना पाहून घ्यावे.

अनेक गाड्यांवर मॅट रंग नसतो, मॅट व्हिनाइलचे रॅप असते. त्याची धुण्याची रीत हीच, फक्त प्रेशरची धार रॅपच्या कडांवर मारायची नाही. टप आणि बॉनेटवरचे रॅप बाजूंच्या आधी उन्हाने जाते. ते फार जुने होऊ दिले, तर काढताना तुकडे पडतात आणि गोंद मागे राहतो. रॅप किंवा रंगाने गाडीचा मूळ रंगच बदलत असेल, तर आरसीवर नोंदलेल्या रंगाचा प्रश्न येतो. दोन्ही तालुक्यांच्या गाड्यांची नोंदणी एमएच १४ म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे होते. बदल करण्याआधी तिथे विचारून घ्यावे. थारसारख्या गाडीला सैन्याचा ऑलिव्ह ग्रीन देण्याची हौस दिसते, पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.

दुरुस्तीची वेळ आलीच, तर खर्चाचा अंदाज आधीच असावा. मॅट रंगात टचअप मिसळून जात नाही. दारावर चार बोटांचा ओरखडा असला तरी कडेपासून कडेपर्यंत सगळे दार रंगवावे लागते. क्लियर किती जाड मारला, किती तापमानाला वाळवला, त्यातले मिश्रण नीट ढवळले होते का, यावर त्याचा मंदपणा ठरतो. साध्या रंगात वाळल्यानंतर धुळीचा कण सापडला, तर तो दोन हजार नंबरच्या पेपरने घासून पॉलिश करता येतो. इथे कण सापडला की पुन्हा सगळा पॅनेल. म्हणून बंद, गाळलेल्या हवेचा बूथ असलेल्या ठिकाणीच हे काम द्यावे. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर मिळतो, तो पेंटरला द्यावा. गाडीला हात लावण्याआधी एका सुट्या पत्र्यावर रंग आणि मॅट क्लियर मारून घ्यावा आणि तो शेजारच्या पॅनेलला टेकवून उन्हात, समोरून आणि तिरक्या नजरेने पाहावा. तिथे फरक दिसला तर मिश्रण बदलता येते. दार रंगवून झाल्यावर दिसला, तर दार पुन्हा उतरवावे लागते.